समर्थ संगणकाच्या घटकांची निवड

ज्याला मोठमोठीं गणितें, इमारतींचे आराखडे किंवा चित्रपटांची जुळवणी घरच्या मेजावर करावयाची असते, असा मनुष्य आज बाजारांतून संगणकाचे सुटे भाग निवडून आणतो आणि यंत्र स्वतः जोडतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वीजपुरवठा अशी यादी हातीं पडतांच त्याच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, ह्यांत सर्वांत वेगवान कोणता? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनीं अडचणीच्या काळांत थोडक्या साधनांनिशीं समर्थ गणकयंत्रें उभीं केलीं, त्यांनीं ह्या प्रश्नापूर्वीं दुसरेच प्रश्न विचारले होते. अशीं तीन उदाहरणें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचीं आहेत.

पहिलें उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतील इंग्लंडचें. जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठीं ब्लेचली पार्क येथें एका वेगवान यंत्राची निकड होती. टेलिफोनचाहि कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश टपाल खात्यांतील इंजिनियर टॉमी फ्लॉवर्स यांनीं त्याकरितां सुमारे १,६०० व्हॉल्व्हांचें यंत्र सुचविलें. पुष्कळांना हें निव्वळ धाडस वाटलें. रेडिओचा एखादा व्हॉल्व्ह केव्हां जाईल याचा नेम नाहीं, मग दीड हजारांवर व्हॉल्व्ह एकत्र आणल्यावर यंत्र चालावयाचें कसें? फ्लॉवर्स यांना मात्र टेलिफोनच्या कामांतून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. व्हॉल्व्ह बिघडतो तो बहुधा चालूं-बंद करण्याच्या धक्क्यानें. एकदां तापवून तसाच चालूं ठेवला तर तो दीर्घकाळ टिकतो. त्यांचें ‘कोलोसस’ १९४४ च्या आरंभीं ब्लेचली पार्क येथें कामास लागलें आणि त्यांचें म्हणणें खरें ठरलें. ज्या भागाला इतरांनीं बेभरंवशाचा म्हटलें, त्याच भागाला त्यांनीं वापराची योग्य रीत लावून विश्वासपात्र केलें.

दुसरें उदाहरण मुंबईचें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं एक गणकयंत्र बांधावयास घेतलें. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्यें चालूं झालें, पूर्ण यंत्र १९६० मध्यें कामास लागलें, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. येथें प्रश्न स्मृतीचा होता. आंकडेमोड करणाऱ्या भागाला आंकडे वेळेवर पुरविले नाहींत तर त्याचा वेग फुकट जातो. त्यापूर्वींच्या कित्येक यंत्रांची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांत असे, आणि हवा तो आंकडा नळीच्या टोकाशीं येईपर्यंत यंत्राला ताटकळावें लागे. मुंबईच्या मंडळींनीं फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृति निवडली. कडीचें चुंबकत्व एका दिशेस असलें कीं शून्य, उलट दिशेस असलें कीं एक. आणि कोणत्याहि कडीपाशीं सारख्याच वेळांत पोंचतां येई. प्रत्येकीं चाळीस अंकस्थानांचे २,०४८ शब्द, म्हणजे ऐंशी हजारांवर कड्या! ही निवड दूरदृष्टीची होती. परंतु यंत्राचा बाकीचा देह व्हॉल्व्हांचा होता, आणि तें पुरें होईतों जगांत ट्रान्झिस्टरचा अंमल सुरू झाला होता. १९६४ मध्यें संस्थेनें अमेरिकन बनावटीचें ट्रान्झिस्टरचें यंत्र आणलें. एका यंत्रांतील सर्व भाग एकाच वेळीं वृद्ध होत नाहींत, हें येथें दिसून आलें.

तिसरें उदाहरण पुण्याचें. १९८० नंतरच्या दशकांत भारताला अमेरिकेचा ‘क्रे’ महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठीं एक यंत्र अटी घालून मिळालें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकरितां मागितलेलें अधिक समर्थ यंत्र मात्र मिळालें नाहीं. तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. मुदत तीन वर्षांची, तरतूद सुमारें तीस कोटी रुपयांची. क्रेच्या तोडीचा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याऐवजीं त्यांनीं ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ घेतले. एकटा ट्रान्सप्यूटर क्रेपुढें दुबळा. पण शेजाऱ्यांशीं बोलण्याचे चार मार्ग प्रत्येकाच्या अंगींच होते. असे अनेक एकत्र जोडून १९९१ मध्यें ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

माणसें वाढविलीं म्हणजे काम त्याच प्रमाणांत उरकतें असें मात्र नाहीं. जीन अॅम्डाल यांनीं १९६७ मध्यें मांडलेल्या विचाराचें सार असें कीं, कामाचा दहावा हिस्सा वांटून देतां येत नसेल, तर हजारों प्रोसेसर लावूनहि वेग दसपटीपलीकडे जावयाचा नाहीं. म्हणून नुसतें यंत्र जोडून भागलें नाहीं. कामाची मांडणीहि वांटून देण्याजोगी करावी लागली. पुढें ट्रान्सप्यूटर मागें पडले. परंतु १९९४ चा ‘परम ९०००’ निरनिराळे प्रोसेसर बसवितां येतील अशा बेतानेंच रचलेला होता, आणि परमची परंपरा खंडित झाली नाहीं.

घरच्या मेजावरील यंत्रालाहि हेच प्रश्न लागू पडतात. अत्यंत महाग प्रोसेसर आणला, पण त्याची उष्णता काढून नेण्याची सोय अपुरी राहिली, तर तो स्वतःच आपला वेग उतरवितो. मेमरी तोकडी पडली तर त्याला डिस्कच्या दाराशीं तिष्ठत बसावें लागतें. सोळा गाभ्यांचा प्रोसेसर घेतला आणि आपल्या कामाचा प्रोग्रॅम एकच गाभा वापरीत असला, तर उरलेल्या पंधरांचे पैसे वायां जातात. म्हणून यादी करण्यापूर्वीं काम नीट पाहावें. मग प्रत्येक भागाविषयीं विचारावें कीं, तो अखंड राबवितां येईल काय, शेजारचा भाग त्याला पुरा पडेल काय, आणि उद्यां तो जुना झाल्यास बाकीचें यंत्र न मोडतां बदलतां येईल काय. ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर मग वेगाच्या तक्त्याकडे खुशाल पाहावें.