स्वातंत्र्य आणि कंपायलर

मंडळी, माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम वर्षानुवर्षं जीसीसी करत होता. 2007 साली जीसीसीने जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारली. सॉफ्टवेअर मुक्त राहावं म्हणून तिच्या अटी कडक केलेल्या. फ्रीबीएसडीवाल्यांना त्या नको होत्या. त्यामुळे मूळ सिस्टिम जीसीसी 4.2.1 वरच थांबली. भाषा मात्र पुढे गेली. 2011च्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं बाहेरचं सॉफ्टवेअर या जुन्या कंपायलरला कळेना.

2014मध्ये, 10.0 आवृत्तीत, बहुतेक संगणकांसाठी क्लँग हा मुख्य कंपायलर झाला. पण बाहेरचे कितीतरी प्रोग्राम जीसीसीच्याच सवयीने लिहिलेले. मग तोडगा असा: ज्याचं क्लँगवर अडेल, त्याच्या मेकफाइलमध्ये एक ओळ घालायची, तो नव्या जीसीसीने बांधला जाईल.

आता बघा, ही मुभाही अमर्याद नव्हती. सी प्लस प्लसच्या दोन वेगळ्या लायब्ऱ्यांवर बांधलेले भाग एकत्र जोडले, तर प्रोग्राम कोसळू शकतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हेच सांगत आलो: निवड ज्याची त्याची, पण ज्यांच्याशी जोडून राहायचं त्यांचा विचार करूनच.