चुकीचे हँडल?

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की खोपोलीकडे निघालेले सायकलस्वार दिसतात. काही जण बारीक टायरच्या सायकलवर पुढे वाकलेले असतात. त्यांचे हात मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलवर असतात. काही जण जाड टायरच्या माउंटन बाइकवर जवळजवळ ताठ बसलेले असतात. त्यांचे हँडल काठीसारखे सरळ. एकदा आम्ही तिसरीच सायकल पाहिली. सांगाडा आणि टायर जुन्या माउंटन बाइकचे, पण हँडल शर्यतीच्या सायकलचे! आमच्याबरोबरच्या अकरावीतल्या मुलाने लगेच विचारले, "हे चुकीचे हँडल लावलंय ना?"

प्रश्न साधा, पण उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. मागचे चाक साखळीने फिरवणारी ही रचना आजच्या सायकलची पूर्वज. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. सायकली वेगाने धावू लागल्या आणि हवेचा विरोध जाणवू लागला. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरऐवजी ३० किलोमीटर वेग हवा असेल, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट! यावर स्वाराच्या हातातला उपाय एकच: वाऱ्यासमोर येणारे शरीराचे क्षेत्रफळ कमी करणे, म्हणजेच वाकणे. म्हणून एकोणिसावे शतक संपण्याआधीच शर्यतीच्या सायकलींची हँडल खाली वळली.

या वळणाचा दुसरा फायदा पनवेलच्याच रस्त्यावर समजून घेता येतो. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. मुंबई-पुणे सायकल शर्यत याच घाटाने जाते आणि चढणीवर पहिला येणारा 'घाटाचा राजा' ठरतो. पनवेल ते खोपोली रस्ता बराचसा सपाट आहे. तेथे समोरून वारा आला, तर हँडलच्या खालच्या भागाला धरून वाकता येते. खोपोलीनंतर चढ लागला, की हात वरच्या आडव्या भागावर आणून छाती मोकळी करता येते. एरवी ब्रेकच्या मुठींवर हात ठेवता येतात. एकाच हँडलवर तीन जागा मिळाल्याने तळव्याच्या एकाच भागावर तासन्‌तास दाब पडत नाही.

मग सरळ हँडल कशासाठी? त्याचा जन्म वेगळ्या रस्त्यावर, किंबहुना रस्ता नसलेल्या जागी झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या, दणकट सायकली डोंगरउतारावर पळवीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे 'रिपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. नाव पडले ते त्यावरूनच. या मंडळींनी सायकलींना रुंद हँडल, मोटारसायकलचे ब्रेक-लिव्हर, गिअर असे जे मिळेल ते जोडले. खड्ड्यात चाक वळू लागले, तर रुंद हँडलची लांब तरफ ते सरळ धरून ठेवते. जो ब्रीझ यांनी १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा बनवला. म्हणजे माउंटन बाइक ही मुळातच जोडाजोडीतून जन्मलेली आहे.

वळलेल्या हँडलची माउंटन बाइकही नवी नाही. १९९० साली अमेरिकेतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जॉन टोमॅक अशीच सायकल घेऊन उतरले होते. त्या वर्षी ते रस्त्यावरच्या शर्यतीही करीत होते आणि दोन्हीकडे बसण्याची पद्धत एकच राहावी असे त्यांना वाटत होते.

आता प्रत्यक्ष बदल करताना काय अडते ते पाहू. पहिली अडचण जाडीची. सरळ हँडलची नळी मुठीजवळ सुमारे २२ मिलिमीटर जाड असते, तर वळलेल्या हँडलची सुमारे २४. त्यामुळे जुने ब्रेक-लिव्हर नव्या हँडलवर चढत नाहीत. दुसरी अडचण लांबीची. वळलेल्या हँडलवर ब्रेकच्या मुठी बऱ्याच पुढे जातात आणि स्वाराला ताणून बसावे लागते. म्हणून हँडल धरून ठेवणारा स्टेम आखूड आणि उंच घ्यावा लागतो.

तिसरी अडचण ब्रेकची आणि ती सर्वांत गंभीर. १९९० च्या दशकाच्या मध्यात माउंटन बाइकला व्ही-ब्रेक आले. त्यांचे बाहू लांब असल्याने ब्रेकची तार जास्त ओढावी लागते. शर्यतीच्या हँडलचे नेहमीचे लिव्हर तार साधारण निम्मीच ओढतात. अशी जोडी जमवली, तर लिव्हर हँडलला टेकतो, तरी रबर रिमला पुरेसे आवळत नाही. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येणार नाही, पण खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना जिवावर बेतेल. त्याआधीच्या सायकलींचे कँटिलिव्हर ब्रेक मात्र या लिव्हरशी चांगले जुळतात. म्हणून या कामाला नव्यापेक्षा जुनी माउंटन बाइक सोयीची पडते!

हा पाठ वर्गाबाहेर सहज घेता येईल. शाळेच्या सायकलस्टँडवर दोन-तीन प्रकारच्या सायकली निवडा. एकाने लिव्हर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने ब्रेकजवळ तार किती मिलिमीटर सरकली ते पट्टीने मोजावे. तरफेचा नियम मुलांच्या बोटांखाली सापडेल. जास्त तार ओढायची असेल तर बोटांना जास्त जोर लावावा लागतो; दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत.

पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जाव आहे. त्यामुळे घाटाकडे जाणाऱ्यांना जुनाच रस्ता धरावा लागतो. वाटेत गुळगुळीत डांबर भेटते, पावसाने उखडलेले पट्टे भेटतात, फाटे फोडून गेलेल्या कच्च्या वाटाही भेटतात. अशा मिश्र रस्त्याला जाड टायर आणि तीन पकडींचे हँडल ही जोडी शोभते. कारखान्यांनीही अलीकडे हीच जोडी 'ग्रॅव्हल बाइक' या नावाने विकायला काढली आहे.

त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, "हँडल चुकीचे नाही. पण पुढच्या वेळी ती सायकल दिसली, तर आधी तिचा ब्रेक पाहा."