वेदीवरील मेण व सूर्याचा ताप

ख्रिस्तमंदिराचा इतिहास लिहावयाचा म्हटला कीं, दगड, चुना व घंटा यांचीच हकीगत प्रथम पुढें येते. मरोळनजीकचें बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचें मंदिर येशूसंघीयांनीं इ. स. १५७९ मध्यें बांधलें व १८४० च्या सुमारास साथीमुळें तें ओस पडलें, हें आपल्या साष्टींत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु अशा मंदिरांच्या वेदीवर जें मेण जळलें, त्याची कथा क्वचितच कोणी सांगतो. या महोत्सवी वर्षीं ती थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

ख्रिस्तसभेनें वेदीसाठीं प्राचीन काळापासून मधमाश्यांचेंच मेण पसंत केलें. कुमारी माशीनें केलेलें मेण म्हणजे कुमारी मारियेपासून घेतलेलें ख्रिस्ताचें शरीर, वात म्हणजे त्याचा आत्मा व ज्योत म्हणजे त्याचें देवपण, असा अर्थ जुने धर्माचार्य लावीत. पास्काच्या रात्रीं गाइल्या जाणाऱ्या घोषणेंतही मधमाश्यांच्या श्रमाची आठवण आहे. पुढें सायलेशियांतील धर्मगुरु झीर्झोन यांनीं १८४५ सालीं दाखविलें कीं, नरमाशी फलित न झालेल्या अंड्यांतून जन्मते. जुन्यांची समजूत अगदींच निराधार नव्हती, असें त्यावरून दिसून आलें.

एकोणिसाव्या शतकांत पॅराफिनचें स्वस्त मेण आलें. तेव्हां रोमच्या विधिमंडळानें १९०४ सालीं ठरविलें कीं, पास्काची मेणबत्ती व मिस्साच्या दोन मेणबत्त्या बहुतांशीं मधमाश्यांच्या मेणाच्या असाव्यात. कालांतरानें ती अट सैल झाली. तथापि पास्काची मेणबत्ती मेणाचीच असावी, नकली नसावी, असें १९८८ च्या रोमच्या पत्रकांत बजाविलें आहे.

आतां हें मेण मिळावें कोठून? सह्याद्रींत आग्या, सातेरी व फुलोरी या माश्या पोळीं बांधितात. पुण्यास १९६२ सालीं मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. तरी मध काढल्यावर उरलेलें जुनें, काळवंडलेलें पोळें पुष्कळदां टाकून दिलें जातें.

तें वांचविण्यास ऊन पुरेसें आहे. आंतून काळी रंगविलेली लांकडी पेटी करावी, वर कांचेचें झांकण बसवावें. आंत पत्र्याचें तिरकें तबक, त्यावर जाळी व खालच्या टोकास भांडें ठेवावें. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६५ अंश सेल्सियसला वितळतें. उन्हाळ्याच्या दुपारीं बंद पेटींत याहून अधिक ताप होतो. मेण गळून भांड्यांत येतें व मळ जाळीवर राहतो. जुन्या पोळ्यांतील कोषांचीं सालें मेण शोषून घेतात, म्हणून पोळें आधीं मोडून पाण्यांत भिजवावें. तरीही कांहीं मेण चोथ्यांत राहतेंच. तें गरम पाण्यांत पिळून काढितां येतें. उघड्या जाळावर मेण पेट घेण्याचें जें भय, तें या पेटींत नाहीं.

आणखी एक योग आहे. सूर्य आपल्याकडे प्रखर होतो तो उपवासकाळांत, पावसाळ्यापूर्वीं. आणि नवी मेणबत्ती लागते तीही त्याच काळाच्या शेवटीं, पास्काच्या रात्रीं. म्हणून आपल्या धर्मग्रामांतील ज्यांच्या घरीं वा वाडींत पोळें उतरविलें जाईल, त्यांनीं तें फेकूं नये, अशी आमची विनवणी आहे. तें वितळवून वेदीपाशीं आणावें. विकत घेतलेल्या मेणबत्तीनेंही विधि पुरा होतो. परंतु आपल्या हातच्या मेणाची ज्योत पेटेल, तेव्हां माशी, ऊन व माणूस या तिघांचेही श्रम प्रभूच्या वेदीवर एकत्र अर्पण होतील.