माँट्रियलचा बर्फावरील संघ

हॉकी म्हटली कीं आपणांस हिरवें मैदान आठवतें. कॅनडांत मात्र ती गोठलेल्या बर्फावर, पोलादी पात्यांचे बूट घालून खेळतात. तेथील माँट्रियल शहरीं ४ डिसेंबर १९०९ रोजीं ‘कॅनेडियन्स’ हा धंदेवाईक संघ मुख्यतः फ्रेंचभाषिक खेळाडूंसाठीं स्थापन झाला. शहरांत फ्रेंचभाषिक बहुसंख्य; पण व्यापाराचीं सूत्रें इंग्रजीभाषिकांच्या हातीं. म्हणून संघाचा जय तो आपलाच, असें त्या लोकांस वाटे.

मॉरिस रिशार हा त्यांचा लाडका वीर. १९४४-४५ च्या हंगामांत त्यानें ५० सामन्यांत ५० गोल केले. मार्च १९५५ मध्यें पंचास मारल्याबद्दल लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनीं त्यास उरलेल्या हंगामापुरतें खेळण्यास बंदी केली. १७ मार्चला कॅम्बेल स्वतः सामना पाहण्यास आले आणि लोकक्षोभ भडकला. प्रेक्षागृहांत अश्रुधुराचा गोळा फुटला, सामना बंद पडला, रस्त्यावरील दुकानें लुटलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं रिशार रेडिओवरून बोलला: शिक्षा मला मान्य आहे, आपण शांत राहावें. दंगल पुन्हां उसळली नाहीं.

पुढें १९५६ ते १९६० अशीं सलग पांच वर्षें संघानें स्टॅन्ली चषक जिंकला. १९९३ पर्यंत एकंदर २४ वेळां. परंतु खवळलेल्या समुदायास चार शब्दांनीं आवरणें, हा विजय मला त्या सर्वांहून मोठा वाटतो.