दोष कुणाचा, शिक्षा कुणाला

आमच्या घरातल्या गोष्टींत दोन गावं कायम शेजारी-शेजारी असायची. एक अलिबाग, दुसरं रामला. आजी अलिबागच्या इस्रायल आळीत राहिली. तिचे धाकटे दीर, आमचे धाकटे आजोबा, पन्नासच्या दशकात बायकोमुलांसह इस्रायलमधल्या रामल्याला गेले. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेली आमच्या पूर्वजांची सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, हे सगळं आजीनं सांगितलं. यहुदी म्हणून कोकणात आपल्याला कुणी कधी त्रास दिला नाही, असं ती अभिमानानं सांगायची. रामल्याच्या गोष्टी मात्र धाकट्या आजोबांच्या आणि धाकट्या आजीच्या. ती दोघं इकडे आली, की जेवणं आटोपल्यावर ओटीवर बैठक जमायची आणि बोलणं हमखास लढाईवर जायचं.

रामला आणि लोद ही तेल अवीवच्या आग्नेयेची जोडगावं. दिमोना, बीरशेबा, अश्दोद यांच्याप्रमाणे तिथंही बेने इस्रायल, म्हणजे आमच्यासारखे कोकणातले ज्यू, मोठ्या संख्येनं वसले. धाकटे आजोबा पोचले तेव्हा गावात जुनी दगडी घरं होती, पण ज्यांनी ती बांधली ती माणसं नव्हती. जुलै 1948 मध्ये इस्रायली सैन्यानं दोन्ही गावं घेतली आणि तिथल्या 50 ते 70 हजार अरब रहिवाशांना बाहेर काढलं. लोदच्या लोकांना भर उन्हाळ्यात पूर्वेकडे पायी जावं लागलं. वाटेत तहानेनं कित्येक जण मेले. लोद रिकामं करण्याच्या हुकमावर यित्झाक राबिन यांची सही होती. पुढे ते पंतप्रधान झाले. या प्रसंगाबद्दल त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं, तेव्हा इस्रायली सेन्सॉरनं तो मजकूर गाळायला लावला. 1979 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तो छापला, म्हणून जगाला कळला.

धाकटे आजोबा ही हकिकत सांगत नसत. त्यांची गोष्ट 1929 पासून सुरू व्हायची. त्या वर्षी 24 ऑगस्टला हेब्रॉनमध्ये जमावानं ज्यूंच्या घरांत घुसून माणसं मारली. बळी 67. त्यांत कुणी सैनिक नव्हता. येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकणारी पोरं होती, बायका होत्या, म्हातारे होते. “सुरुवात कुणी केली ते बघ,” असं म्हणून ते थांबत. मग धाकटी आजी त्यांना पुढचं सांगायला लावायची. त्याच दिवशी हेब्रॉनमधल्या अनेक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना आपल्या घरात लपवलं, दाराशी उभं राहून जमावाला परत पाठवलं. ज्यांनी मारलं ते अरब होते, ज्यांनी वाचवलं तेही अरब होते. मग ‘अरबांनी मारलं’ या वाक्यात दोष नेमका कुणाच्या पदरात पडतो?

धाकटे आजोबा ज्या कारखान्यात होते तिथं एक अरब कामगार त्यांचा सोबती होता. त्याची गोष्ट 1948 पासून सुरू व्हायची. 9 एप्रिलला इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी जेरुसलेमजवळच्या देर यासीन गावावर हल्ला केला आणि शंभरावर गावकरी मारले. चार दिवसांनी, 13 एप्रिलला, हदासा इस्पितळाकडे निघालेल्या वाहनांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला. त्यात 78 जण गेले, डॉक्टर आणि नर्सही त्यांत होत्या. मारणाऱ्यांनी तो देर यासीनचा सूड मानला. इस्पितळातल्या नर्सचा आणि देर यासीनचा काय संबंध, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

ऑक्टोबर 1953 मध्ये हेच पुन्हा झालं. सीमा ओलांडून आलेल्यांनी इस्रायलमधल्या यहूद गावातल्या एका घरात हातबॉम्ब टाकला. एक आई आणि तिची दोन मुलं मेली. दोन रात्रींनी इस्रायली सैन्य जॉर्डनच्या ताब्यातल्या किब्या गावात शिरलं आणि तिथली घरं सुरुंगांनी उडवली. 69 जण मेले, बहुतेक बायका आणि मुलं. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी रेडिओवर सांगितलं, की हे सैन्याचं काम नाही, चिडलेल्या सीमेवरच्या रहिवाशांचं आहे. ते खोटं होतं. अशा वेळी सत्तेला काय लपवावंसं वाटतं ते यातून दिसतं: हुकूम कुणाचा, हे.

धाकटी आजी संत्र्यांच्या पॅकिंगला जायची. तिथं तिच्याबरोबर अरब बायकाही फळं निवडायला असत. त्यांच्याकडून तिनं काफ्र कासिम या अरब गावाची हकिकत ऐकली. मला ती तिच्या तोंडून ऐकायला मिळाली, आणि पुढे वाचून नीट समजली. 29 ऑक्टोबर 1956, सुएझच्या युद्धाचा पहिला दिवस. सीमेलगतच्या अरब गावांत संध्याकाळी पाचपासून संचारबंदी लावली. ही माणसं इस्रायलची नागरिक होती. गावाच्या मुख्तारला, म्हणजे मुखियाला, हे कळलं जेमतेम अर्धा तास आधी. “चारशे माणसं कामावर गेलीत, त्यांना कोण कळवणार?” असं तो म्हणाला. ती परततील तेव्हा त्यांना गावात येऊ देऊ, असं त्याला सांगण्यात आलं. पाच वाजल्यानंतर सायकलींवरून, गाड्यांतून, ऑलिव्ह खुडून ट्रकनं परतणाऱ्या लोकांना इस्रायली सीमा पोलिसांनी गावाच्या वेशीवर गोळ्या घातल्या. 48 मेले. त्यांत 23 मुलं होती. एक बाई गरोदर होती, म्हणून गावकरी आकडा 49 सांगतात. आजूबाजूच्या गावांतही तीच संचारबंदी होती, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी गोळीबार आवरला आणि असं हत्याकांड झालं नाही. हुकूम एकच असूनही माणसं वेगळी वागली.

सरकारनं आधी बातमी दाबली. पण गुन्हेगारांवर खटला चालला, आणि 1958 मध्ये न्यायाधीश बिन्यामिन हलेवी यांनी एक निकष घालून दिला: काही हुकूम इतके उघड बेकायदा असतात की त्यांच्यावर काळा झेंडा फडकत असतो, असा हुकूम पाळणारा ‘वरून सांगितलं होतं’ म्हणून सुटत नाही. निकाल मोठा होता, शिक्षा टिकली नाही. दोषी ठरलेले सगळे 1960 पर्यंत बाहेर आले. वरिष्ठ अधिकारी कर्नल शदमी यांना दंड झाला दहा प्रुता, म्हणजे अगदी क्षुल्लक रक्कम. तरीही तो निकष राहिला. धाकटी आजी ही हकिकत संपवताना म्हणायची: “मेलेल्याचा हिशेब दुसऱ्याला मारून चुकता होत नाही, रे बाळा.”

धाकटे आजोबा आणि धाकटी आजी आता नाहीत. 7 ऑक्टोबर 2023 ला हमास आणि इतर गटांनी गाझाच्या सीमेजवळची गावं आणि संगीत महोत्सवातले तरुण यांच्यावर हल्ला केला. सुमारे 1,200 जणांना मारलं, 251 जणांना ओलीस नेलं. मृतांत बहुसंख्य नागरिक होते. अश्दोदमधल्या आमच्या नातेवाइकांचे फोन तळघरांतून येत होते. त्यानंतर गाझावर बॉम्ब पडू लागले. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे दोन वर्षांत 67 हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत हजारो लहान मुलं. पहिल्या बातमीनं रडलेले आमचे काही आप्त दुसऱ्या बातमीला म्हणाले, “जबाबदार हमास आहे.” दुसऱ्या बातमीनं तळमळलेले माझे काही मित्र पहिलीबद्दल म्हणाले, “हे इस्रायलनंच ओढवून घेतलं.” दोघंही धाकट्या आजोबांसारखे आपल्या सोयीच्या तारखेपासून मोजत होते.

त्याच दिवसांत ठाण्यात एका परिचितानं मला विचारलं, “तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?” ज्याचा पिढ्यानपिढ्यांचा जन्म कोकणातला, त्याला गाझातल्या बॉम्बचा जाब विचारला गेला. गाझातल्या बाळाला हमासबद्दल शिक्षा देणारा विचार आणि हा प्रश्न एकाच मुळाचे आहेत.

युद्धाचा कायदा इथं स्पष्ट आहे. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं 33 वं कलम सांगतं, की स्वतः न केलेल्या गुन्ह्यासाठी कुणालाही शिक्षा देता येणार नाही. समोरच्यानं नियम मोडला, नागरिकांच्या आडोशाला शस्त्रं ठेवली, तर तो त्याचा गुन्हा. त्यामुळे आपल्यावरचं बंधन सुटत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं इस्रायलचे नेते नेतान्याहू आणि गॅलंट, तसंच हमासचा मोहम्मद देइफ यांच्यावर अटक वॉरंटं काढली ती व्यक्तींच्या नावानं. त्या निर्णयावर वाद घाला, पण दोष ठरवण्याची रीत तीच योग्य आहे.

इस्रायली रामी एलहानान यांची मुलगी स्मदर 1997 मध्ये जेरुसलेममधल्या आत्मघाती स्फोटात गेली. पॅलेस्टिनी बस्साम अरामिन यांची दहा वर्षांची अबीर 2007 मध्ये शाळेजवळ इस्रायली पोलिसाच्या रबरी गोळीनं गेली. हे दोन बाप ‘पॅरेंट्स सर्कल’ या संघटनेत एकत्र काम करतात, ठिकठिकाणी एकत्र बोलतात. मुलींच्या मरणाचा जाब ते मागतातच, पण एकमेकांच्या लोकांकडे सूड मागत नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नागरिक मेले की आधी त्यांच्यासाठी दुःख करा, मग विचारा: हुकूम कुणाचा, हात कुणाचा, लपवलं कुणी? त्या माणसांना नावानिशी न्यायालयात उभं करा, मग ती आपली असोत की परकी. आणि ज्यूंनी, अरबांनी, मुसलमानांनी हे केलं, असं वाक्य ओठांवर आलं, तर ते तिथंच थांबवा. पुढचं हत्याकांड त्या वाक्यातून सुरू होतं.