मागच्या सीटचा पट्टा

कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अनेकांना आठवत असेल. पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित, असा आपला समज होता. पण धडकेत गाडी थांबते आणि आतला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्याला धरून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला. कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या सीटला पट्टे १९९४ मध्ये सक्तीचे झाले. चाके जाम होऊ न देणारी एबीएस आणि चालकाची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली.

आमच्या पडेगावातून वेरूळकडे जाणाऱ्या गाड्यांत मागचे लोक मात्र मला बहुधा पट्ट्याविनाच दिसतात. २०१४ मध्ये दिल्लीत गोपीनाथ मुंडे, २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री अपघातात गेले. दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे तेव्हा सांगण्यात आले. मागच्या प्रवाशालाही नियमाने पट्टा बंधनकारक आहे. तो न लावणारा पुढच्याच्या पाठीवर आदळतो, म्हणजे दोन जीव धोक्यात येतात. गाडीत बसल्यावर आधी मागे वळून पाहा, मगच किल्ली फिरवा.