चार लिप्यांचा दगड

पालेर्मो हे सिसिली बेटाचं मुख्य शहर. तिथं मला एकच दिवस मिळाला होता. एका दिवसात शहर पाहून होत नाही. पण काय पाहायचं ते ठरलेलं असलं, तर दिवस वाया जात नाही. मी कवी माणूस. मला तिथली अक्षरं पाहायची होती.

सकाळीच राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरात गेलो. हे शहर ८३१ साली मुसलमानांनी जिंकलं आणि १०७२ मध्ये ते नॉर्मनांच्या हाती गेलं. ११३० साली राजा झालेल्या दुसऱ्या रॉजरनं हे मंदिर बांधवून घेतलं. भिंतींवर सोनेरी मोझाइकमध्ये येशू आणि संत, त्यांच्याभोवती ग्रीक आणि लॅटिन अक्षरं. मान वर केली की मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं लाकडी छत. त्यावर कुफी वळणाची अरबी अक्षरं, शुभ चिंतणारी. मधूनमधून चित्रं : कुणी वाद्य वाजवतोय, कुणी चषक धरून बसलाय, दोघे बुद्धिबळ खेळताहेत. देवळाच्या छतावर शतरंज! मान अवघडेपर्यंत पाहत राहिलो.

याच रॉजरच्या दरबारात अल-इद्रिसी नावाचा भूगोलवेत्ता होता. ११५४ साली त्यानं जगाचा भूगोल लिहून पुरा केला. त्याच्या नकाशात दक्षिण वर आहे. तो स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता, माहिती ऐकून आणि जुने ग्रंथ वाचून लिहीत होता. तरी त्याच्या ग्रंथात आपलं ठाणं आहे, सोपारा आहे, चौल आहे. ठाण्याजवळच्या डोंगरांतल्या बांबूची आणि वंशलोचनाची नोंदही आहे. इतक्या दूर आपल्या गावांची नावं निघाली, की परकेपणा थोडा कमी होतो.

दुपारी बालारोच्या बाजारात पावात घातलेल्या, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या खाल्ल्या. वडापावची आठवण झाली नसती तरच नवल. मग कॅथीड्रल पाहिलं. त्याच्या दक्षिणेकडच्या प्रवेशमंडपात एका खांबावर कुराणातली आयत कोरलेली आहे. मी हळूच वाचली. शेजारून वऱ्हाडी मंडळी फोटो काढत होती. कुणाचंच काही बिघडलं नाही.

शेवटी झीझा महाल. नाव अरबी 'अल-अझीझा'वरून आलेलं. इथं संगमरवराची एक लहानशी स्मृतिशिला आहे, ११४९ सालची. ग्रिसान्दुस नावाच्या ख्रिस्ती पाद्र्यानं आपल्या आईसाठी, आन्नासाठी ती करवून घेतली. मजकूर चार लिप्यांत : हिब्रू, लॅटिन, ग्रीक आणि अरबी. आईच्या मृत्यूचं सालही ज्याच्या त्याच्या कालगणनेनुसार दिलेलं. एका मुलाला वाटलं, गावातल्या प्रत्येक शेजाऱ्याला आपलं दुःख वाचता यावं.

इथंच थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं. पण इतिहास पुढं जातो. ११६१च्या बंडाळीत याच शहरात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. ११८४च्या अखेरीस हजहून परतताना जहाज फुटून सिसिलीत पोचलेला इब्न जुबैर पालेर्मोतल्या चर्चच्या सौंदर्यानं हरखून जातो आणि त्याच लेखणीनं तिथल्या मुसलमानांची धास्तीही नोंदवतो. ११८९ मध्ये राजा वारला आणि पुन्हा दंगे पेटले. माणसं डोंगरांत पळाली. पुढं रॉजरचाच नातू दुसरा फ्रेडरिक यानं १२२०च्या दशकापासून उरलेल्यांना इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा इथं हलवलं. १४९२च्या फर्मानानं ज्यूंनाही बेट सोडावं लागलं. छत जपलं गेलं. ज्यांच्या अक्षरांनी ते सजलं, त्यांची वस्ती राहिली नाही.

मला इथं अजून कौतुकानं विचारतात, "तुम्ही मराठी इतकं छान कुठं शिकलात?" मी म्हणतो, आईकडून. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या दिवशी झीझात मला तो प्रश्न आठवला. राजानं कारागिरांना दिलेला मान खराच होता, पण तो दरबाराच्या दारापर्यंतच होता. गल्लीत सोबत करतो तो शेजारी.

संध्याकाळी जुन्या ज्यू मोहल्ल्यातून परतलो. तिथं रस्त्यांच्या पाट्या आता इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. बरं वाटलं. पाटी पुन्हा लावता येते. गेलेला शेजारी मात्र परत आणता येत नाही. म्हणून तो आहे तोवरच त्याची अक्षरं ओळखायला शिकावं.